बाटली बदलली, गट तोच! पांढरी माशी मरत का नाही?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय.

कळमेश्वरकडे माझ्या काकांचा टोमॅटो आहे. गेल्या हंगामात त्यांनी पांढऱ्या माशीसाठी तीन फवारण्या केल्या, तीन वेगळ्या कंपन्यांच्या. तरी पान उलटवलं की माशी आहेच. मी व्हॉट्सॲपवर बाटल्यांचे फोटो मागवले अन् ब्रँडखालचं बारीक नाव वाचलं. दोन्हींत इमिडाक्लोप्रिड, तिसरीत थायामेथोक्झाम. दोन्ही एकाच गटातली, ४ए. म्हणजे ॲपचा आयकॉन बदलला, आतला कोड तोच!

होतं काय, की फवारणीत बहुतेक माशा मरतात. पण काहींच्या शरीरात ते औषध मोडून टाकणारी एन्झाइम्स जास्त असतात. त्या वाचतात, अंडी घालतात. उबदार हवेत साधारण तीन आठवड्यांत पुढची पिढी तयार. परत तोच गट मारला, की परत त्यांचीच पोरं उरतात.

आपल्या विदर्भात अजून एक भानगड आहे. कपाशीवरची अन् टोमॅटोवरची पांढरी माशी एकच, बेमिसिया टॅबॅसी. कपाशीवरही याच गटाची औषधं वापरली जातात. म्हणजे शेजारच्या धुऱ्यावरून येणारी माशी आधीच सरावलेली असू शकते. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत किडींच्या या प्रतिकारशक्तीवर बरीच वर्षं काम झालंय.

मग करायचं काय?

ब्रँड नको, गट बदला. एका पिढीवर ४ए मारलं, तर पुढच्या पिढीवर २३ (स्पायरोमेसिफेन) किंवा २८ (सायॲन्ट्रानिलिप्रोल). गटांचे हे नंबर 'आयरॅक' या संस्थेचे आहेत, मोबाईलवर सापडतात. लेबलवर आपलं पीक आहे का, अन् फवारणीनंतर किती दिवस तोडणी करायची नाही, हे बघाच.

पिवळे चिकट सापळे लावा, माशी कमी असताना निंबोळी अर्कावर भागवा. ही माशी लीफ कर्लचा विषाणू पसरवते. पानं वाटीसारखी वळलेलं झाड कोणत्याच औषधाने सुधरत नाही. ते उपटून नष्ट करा.

अन् 'मरत नाही, तर डोस डबल कर' हे बिलकुल नको. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी अन् मजूर दगावले, हे विसरू नका. डबल डोसने सरावलेली माशी उरतेच, अन् पंप पाठीवर असतो तो आपल्याच माणसाच्या.

आज एवढंच करा. घरी फोन लावा, बाटल्यांचे फोटो मागवा, बारीक अक्षरातलं नाव वाचा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!