प्रवेशपरीक्षा आणि अर्धपरिचित शब्द

अमेरिकेतील महाविद्यालयीन प्रवेशासाठी घेतली जाणारी ‘एसएटी’ ही परीक्षा १९२६ साली सुरू झाली. तिच्यातील विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न १९९४ साली वगळण्यात आले, शब्दसंबंधांच्या साम्यावरील प्रश्न २००५ साली गेले, आणि २०१६ च्या फेररचनेत दुर्मीळ शब्दांवरील भर काढून तो संदर्भगत अर्थावर देण्यात आला. आज संगणकावर होणाऱ्या परीक्षेत लहानसा उतारा देऊन रिकाम्या जागी नेमका बसणारा शब्द, अथवा एखाद्या शब्दाचा त्या ठिकाणचा अर्थ विचारला जातो. असे असूनही पुण्या-मुंबईकडील परीक्षार्थी हाताशी असलेले पाच-सहा आठवडे हजार शब्दांची यादी घोकण्यात घालवितात. हा श्रम बव्हंशी वाया जातो.

वस्तुतः परीक्षार्थ्यास अडवितात ते त्याला ठाऊक आहेत असे वाटणारे शब्द. मराठीने इंग्रजी शब्द उसने घेताना बहुधा त्यांचा एकेकच अर्थ घेतला. ‘क्वालिफाय होणे’ म्हणजे पात्र ठरणे, हे मराठी भाषकास पक्के ठाऊक असते. परंतु विवेचक गद्यात विधान ‘क्वालिफाय’ करणे म्हणजे त्याच्या व्याप्तीस मर्यादा घालणे होय. ‘चेक’ म्हणजे तपासणी किंवा बँकेचा धनादेश. पण सत्तेवरील ‘चेक’ हा अंकुश असतो. ‘अप्रिशिएट’ म्हणजे कौतुक करणे इतकेच नव्हे, तर अडचणीचे गांभीर्य जाणणे आणि मालमत्तेचे मूल्य वाढणेही. अनोळखी शब्दापाशी वाचक निदान थांबतो. येथे तो थांबतच नाही, आणि म्हणून चुकतो.

शब्दांची निवड करण्यास एव्हरिल कॉक्सहेड यांची २००० साली प्रसिद्ध झालेली शैक्षणिक शब्दांची यादी उपयोगी पडते. तीत ५७० शब्दकुले असून शास्त्रीय-शैक्षणिक लेखनातील सुमारे दहा टक्के शब्द त्यांत मोडतात. संस्कृत उपसर्गांची सवय असलेल्या विद्यार्थ्यास अशा शब्दांची फोड जड जाऊ नये. ‘आकर्षण’ आणि ‘अट्रॅक्ट’ या दोहोंत ‘आपल्याकडे’ व ‘ओढणे’ हेच घटक आहेत. मात्र फोड म्हणजे अर्थ नव्हे. ‘अपकर्ष’ आणि ‘अॅब्स्ट्रॅक्ट’ यांची घडणही एकच, दूर ओढणे. तरी पहिल्याचा अर्थ ऱ्हास, तर दुसऱ्याचा अमूर्त. फोड स्मरणास आधार देते. निर्णय वाक्यानेच करावा लागतो.

पाठांतराच्या पुस्तकांत समानार्थी शब्दांचे गट एकत्र छापण्याची प्रथा आहे. ती दिसावयास सोयीची, परंतु टिंकहॅम यांच्या १९९३ च्या प्रयोगांत अर्थाने निगडित शब्द एकाच वेळी शिकणे अधिक कष्टाचे ठरले. ते एकमेकांत मिसळतात. तेव्हा ‘उदार’ या अर्थाचे पाच शब्द पाच निरनिराळ्या दिवसांवर टाकावेत.

एबिंगहाउस यांनी १८८५ साली विस्मरणाचा वेग मोजला, तेव्हाच सलग घोकण्यापेक्षा अंतराने केलेली उजळणी सरस असल्याचे दिसून आले होते. सहा आठवड्यांचा अवधी असल्यास पहिले पाच आठवडे, आठवड्यातून सहा दिवस, रोज आठ शब्द घ्यावेत. म्हणजे २४० होतात. प्रत्येक शब्द मूळ वाक्यासह वहीत उतरावा, आणि दुसऱ्या, चौथ्या व दहाव्या दिवशी अर्थ झाकून आठवून पाहावा. नुसते पुन्हा वाचल्याने ओळख वाढते, आठवण नव्हे. सहाव्या आठवड्यात नवा शब्द घेऊ नये.