दुधाविना कोंबडी: रश्शाला दही-साय लागते का?

उचगावात, किंबहुना बेळगावच्या पश्चिमेकडच्या साऱ्या मराठी पट्ट्यात, घरची कोंबडी म्हणजे भाजलेला कांदा, सुकं खोबरं, आलं-लसूण आणि लाल चटणी यांचा रस्सा. त्यात दूध, दही, साय, लोणी यांतलं काहीच पडत नाही. तरीही पाहुण्यांपैकी कुणाला दूध चालत नाही असं कळलं की शंका सुरू होतात: मग कोंबडी मऊ कशी होणार, रस्सा दाट कसा येणार, एवढं तिखट सोसणार कसं? या शंकांचं मूळ आपल्या चुलीशी नाही. फाळणीनंतर दिल्लीच्या दर्यागंजातल्या मोती महलमुळे गाजलेलं बटर चिकन लोण्या-सायीवर उभं आहे, आणि तंदुरी कोंबडी दह्यात मुरते. हॉटेलांमधून ती चव घराघरांत पोचली आणि तिचे नियम साऱ्याच कोंबडीला लागू पडतात असं वाटू लागलं. कोल्हापूरचा तांबडा रस्सा, मालवणी कोंबडी, नागपूरचं सावजी, गोव्याची शागुती यांची घडण मात्र खोबरं आणि मसाल्यांवर झालेली आहे. पांढऱ्या रश्शाचा पांढरेपणाही मुख्यतः नारळाच्या दुधाचा आणि तीळ, खसखस, काजू यांच्या वाटणाचा. म्हणून माझं म्हणणं असं, की दुधाविना झणझणीत कोंबडी करताना आपण काही वगळत नाही; आपल्याच पद्धतीने नीट रांधतो, एवढंच.

पहिला समज मऊपणाचा. दह्यातल्या आम्लाने मांस मऊ होतं हे खरं, पण ते आम्ल काही मिलिमीटरच आत शिरतं. तुकड्याच्या गाभ्यापर्यंत पोचत नाही. आतवर जातं ते मीठ. किलोभर कोंबडीला दोन लहान चमचे मीठ, हळद आणि आलं-लसणाचं वाटण चोळून तासभर ठेवलं, की मीठ स्नायूंमधल्या प्रथिनांची वीण सैल करतं आणि शिजतानाही रस आत धरून ठेवतं. बाजारातली ब्रॉयलर कोंबडी अवघ्या काही आठवड्यांची असते; ती मुळातच कोवळी, तिला मऊ करायला दह्याची मदत लागतच नाही. गावरान कोंबडीचं तसं नाही. ती जून असते, तिच्या मांड्यांत आणि सांध्यांभोवती कोलॅजन भरपूर असतं. ते साधारण ७० अंश सेल्सिअसच्या पुढे हळूहळू जिलेटिनमध्ये बदलतं, आणि या बदलाला वेळच लागतो. म्हणजे कोवळ्या कोंबडीला दह्याची गरज नाही आणि जून कोंबडीला ते पुरेसं नाही. दह्याची आंबूस चव हवी असेल तर टोमॅटो किंवा चार आमसुलं ती उणीव भरून काढतात.

वेळ देण्याची रीतही आपल्याकडे जुनीच आहे. जाड बुडाच्या पातेल्यात कांदा परतून कोंबडी घालायची, वर काठाचं ताट झाकायचं आणि ताटात पाणी ओतायचं. आतली वाफ ताटाच्या थंड बुडाला लागून थेंबाथेंबाने परत कोंबडीवर पडते; तुकडे स्वतःच्या रसात शिजतात आणि करपत नाहीत. दरम्यान ताटातलं पाणी तापलेलं असतं, ते रश्शात ओतलं की उकळी मोडत नाही. पाश्चात्त्य स्वयंपाकात झाकणाच्या जड भांड्यात मंद आचेवर जे साधतात, तेच हे. दाटपणाही याच पातेल्यात तयार होतो: विरघळलेलं जिलेटिन, लालसर होईतो भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं बारीक वाटण, आणि या भागात मुबलक पिकणाऱ्या बटाट्याच्या चार फोडी, ज्यांचा स्टार्च रश्शात उतरतो. साय नसली तर रस्सा पाणचट होतो असं म्हणणाऱ्यांनी वाटण पुन्हा एकदा वाटून पाहावं. दोष बहुधा जाडसर वाटणाचा किंवा कच्च्या राहिलेल्या कांद्याचा असतो.

तिखटाबाबतचे समज अधिक घट्ट आहेत. रस्सा जेवढा लाल तेवढा तिखट, असं मानतात. पण हावेरी जिल्ह्यातली ब्याडगी मिरची, जिला २०११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, रंगाला गडद आणि तिखटाला सौम्य. आपल्या बेळगाव जिल्ह्यातली संकेश्वरी चवीला, लवंगी जाळाला. ब्याडगीचं प्रमाण वाढवून लवंगी कमी केली, तर तर्रीचा लालभडक रंग राहतो आणि मुलंही जेवू शकतात. बियाच तिखट असतात, हाही गैरसमजच. मिरचीतलं कॅप्सायसिन मुख्यतः बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या आतल्या पांढऱ्या गरात तयार होतं, म्हणून नुसत्या बिया झटकून फारसा फरक पडत नाही.

इथे एक रास्त आक्षेप येतो: तोंड पोळलं की दूधच उपयोगी पडतं, मग दुधाविना तिखट जेवण म्हणजे त्रासच ना? दूध उपयोगी पडतं, हे खरंच आहे. कॅप्सायसिन जिभेवरच्या उष्णता ओळखणाऱ्या ग्राहीला चेतवतं; १९९७ मध्ये तो ग्राही शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं. कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, आणि दुधातलं केसिन हे प्रथिन त्याला बांधून ठेवतं. पण जाळ शमवायला साखर किंवा गुळाचा खडाही कामी येतो, आणि भात-भाकरी प्रत्येक घासातलं तिखट कमी करते. तसंच कॅप्सायसिन स्निग्धात विरघळतं, त्यामुळे पातेल्यात थोडं घट्ट नारळाचं दूध घातलं की रस्सा सौम्य लागतो. ते शेवटी, मंद आचेवर घालावं; जोरात उकळलं तर फुटतं.

सगळ्यात जपण्याजोगी गोष्ट मात्र चवीची नाही. दूध न पचणं आणि दुधाची ॲलर्जी असणं हे दोन वेगळे प्रकार आहेत. पहिल्यात लॅक्टोज ही साखर पचत नाही. जगातल्या सुमारे दोन-तृतीयांश प्रौढांमध्ये ती पचवण्याची क्षमता कमी असते, आणि चमचाभर दह्याने बहुतेकांना काही होत नाही. दुसऱ्यात शरीर दुधातल्या प्रथिनांवर उलटतं. ते जिवावर बेतू शकतं. अशा माणसासाठी ‘थोडंसं तूप चालेल’ म्हणणं धोक्याचं, कारण तुपातही प्रथिनांचा अंश राहू शकतो. नारळाच्या दुधाच्या तयार पावडरीत अनेकदा केसिनेट, म्हणजे दुधाचंच प्रथिन, घातलेलं असतं. पाकिटबंद पदार्थात दूध असल्यास तसं छापणं भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी बंधनकारक आहे. ती ओळ वाचावी. पावातही दूध पावडर असू शकते, भाकरीत नसते. जेवणाअखेर बेळगावचा कुंदा, म्हणजे दुधाचीच मिठाई, येणार असेल तर त्याचा चमचा वेगळा ठेवावा.

एवढं सांभाळलं तर एकट्यासाठी निराळं पातेलं चढवावं लागत नाही. पंगतीत एकाला वेगळं वाढलं की त्याचं आजारपण सगळ्यांच्या डोळ्यांपुढे येतं. सगळ्यांना एकच रस्सा वाढला की तो फक्त घरचा माणूस असतो. आपल्या भागातल्या स्वयंपाकाला यासाठी नवं काही शिकावं लागत नाही. हॉटेलची सवय बाजूला ठेवून आपल्याच रीतीवर विश्वास ठेवला की पुरे.