पाणी तापविण्याच्या उपकरणांतील प्रज्वलनव्यवस्था

रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा येथे घर उबदार राखण्यासाठी बाष्पित्र बसविण्याची वेळ येत नाही. येथे प्रश्न असतो तो स्नानाच्या पाण्याचा. पूर्वी हे काम तांब्याचा बंब करी. त्याच्या मधल्या नळीत, खालच्या जाळीवर, गोवऱ्या, करवंट्या व ढलप्या पेटवीत. नळी एकदा तापली की तीच धुराड्याप्रमाणे हवा वर ओढी व विस्तव जागता ठेवी. अडचण असे ती आरंभाची. सरपणातील प्रत्येक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५४० कॅलरी उष्णता खर्ची पडते. त्यामुळे पावसाळ्यात ओले लाकूड पेट घेण्याइतके तापतच नाही. रॉकेलचा बोळा हा त्यावरचा घरगुती उपाय होय.

बंबाची जागा ज्या घरांत गॅस-गीझरने घेतली, तेथे प्रज्वलनाचा क्रम निराळा असतो. नळ उघडताच वाहत्या पाण्यामुळे एका लवचीक पडद्याच्या दोन बाजूंच्या दाबांत अंतर पडते. पडदा सरकतो आणि विजेची कळ दाबली जाते. दोन शुष्क घटांच्या अवघ्या ३ व्होल्टांपासून नियंत्रक-मंडल काही हजार व्होल्ट निर्माण करते. ठिणग्या पडू लागतात व गॅसची झडप उघडते. बैठ्या घरांत घोडे बहुधा पहिल्याच पायरीवर अडते. टाकी ३ मीटर उंचीवर असेल, तर दाब दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम ०.३ किलोग्रॅम मिळतो. पडदा पुरता हलत नाही आणि दोष मात्र घटांना दिला जातो.

ठिणगी पडली म्हणजे ज्योत लागलीच, असे मानता येत नाही. ज्योतीत आयन असल्याने तिच्यातून काही मायक्रोअँपिअर प्रवाह वाहू शकतो. संवेदक-अग्राला तो काही सेकंदांत न आढळल्यास झडप मिटते. गॅस हवेहून जड असून जमिनीलगत साचतो, आणि हवेत सुमारे २ ते ९ टक्के मिसळला असता स्फोटक ठरतो. म्हणून ठिणगीपेक्षा या पहाऱ्याचे महत्त्व अधिक आहे.

तथापि हा पहारेकरी ज्योत आहे की नाही, एवढेच पाहतो. तिला पुरेशी हवा मिळते की नाही, हे त्याला कळत नाही. पावसाच्या झडीत खिडकी लावून घेतलेल्या स्नानगृहात प्राणवायू घटला तरी ज्योत काही काळ जळत राहते व कार्बन मोनॉक्साइड निर्माण करते. त्याला रंग नाही, वास नाही; रक्तातील हीमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पटींनी दृढ बांधला जातो. बंबाचा धूर निदान डोळ्यांना झोंबे. ठराविक मिनिटांनी आपोआप बंद होणारी उपकरणे मिळतात; पण लहान खोलीत तेवढा अवधीही घातक ठरू शकतो. यास्तव गीझर स्नानगृहाबाहेर, मोकळ्या हवेच्या जागी भिंतीवर बसवावा व आत केवळ गरम पाण्याची नळी न्यावी.