‘लॅकर्ड’मधली लाख

इंटिरियरवाले ज्याला ‘लॅकर्ड फिनिश’ म्हणतात, तो गुळगुळीत, चकचकीत थर. शब्द इंग्रजी, पण माहेर इकडचं.

व्युत्पत्ती : संस्कृत ‘लाक्षा’, म्हणजे आपली लाख. फारसी, अरबी, पोर्तुगीज अशी मजल मारत ती सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत ‘लॅकर’ झाली.

लाख कशाची : पळस, बोर, कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे सोडतात त्या स्रावाची. चिनी-जपानी लॅकर मात्र झाडाच्या चिकापासून बनतं.

चढवतात कशी : लेथवर फिरणाऱ्या लाकडाला रंगीत लाखेची कांडी टेकवली, की घर्षणाने ती वितळते आणि लाकडावर बसते.

सावंतवाडीत : चितारआळीतली लाकडी फळं आणि खेळणी प्रसिद्ध आहेत. खेळण्यांसाठी पूर्वी पांगाऱ्याचं हलकं लाकूड वापरत. मागे पडलेल्या गंजिफा (हाताने रंगवलेले गोल पत्ते) आणि लाखकामाला इथल्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी १९७०च्या दशकात राजाश्रय दिला. राजवाड्यात आजही कारागीर काम करताना दिसतात.

घेताना : बाजारातल्या बहुतेक ‘लॅकर्ड’ फर्निचरवर लाख औषधालाही नसते, असतो पॉलियुरेथेन किंवा नायट्रोसेल्युलोजचा थर.