पोकरचे गणित, लेखांक ७ : समोरचा नेमका कशाने अवघडतो?

मागील लेखांकात आपण पॉट ऑड्सचा हिशेब पाहिला. समोरच्याने लावलेली रक्कम आणि पॉटमध्ये जमलेली रक्कम यांच्या प्रमाणावरून कॉल करावा की पत्ते टाकावेत, हे ठरवण्याची ती रीत. आता हाच हिशेब समोरच्याला जड कसा करायचा, ते पाहू. पोकरच्या टेबलावर प्रतिस्पर्ध्याला अस्वस्थ करणे म्हटले की रोखून पाहणे, टोमणे मारणे, मुद्दाम वेळ काढणे असलेच प्रकार डोळ्यांपुढे येतात. माझ्या मते ही अस्वस्थता दुय्यम आहे आणि बऱ्याचदा निरुपयोगीही. कसलेला खेळाडू अवघडतो तो सरावात नसलेला निर्णय घ्यावा लागल्यामुळे.

याचा सर्वांत स्वच्छ पुरावा जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या रिव्हर्स कॅसिनोत मिळाला. कार्नेगी मेलन विद्यापीठातील टुओमास सँडहोम आणि त्यांचे विद्यार्थी नोम ब्राउन यांनी घडवलेली ‘लिब्राटस’ ही संगणकप्रणाली चार निष्णात व्यावसायिकांशी, प्रत्येकाशी एकास एक, नो-लिमिट टेक्सास होल्डेम खेळली. वीस दिवसांत १ लाख २० हजार डाव झाले आणि प्रणाली १७ लाख ६६ हजार २५० डॉलरच्या चिप्सनी पुढे राहिली. तिला चेहरा नव्हता, ती बोलत नव्हती, चिडत नव्हती. व्यावसायिक सहसा अर्धा, पाऊण किंवा पूर्ण पॉट अशा ठरावीक मापांत खेळतात आणि त्या मापांची उत्तरे त्यांच्या अंगवळणी पडलेली असतात. लिब्राटस मात्र वेगवेगळ्या रकमा लावायची, प्रसंगी पॉटच्या कितीतरी पट. तिथे अंगवळणी पडलेले उत्तर कामाला येत नव्हते.

मोठ्या रकमेने नेमके काय होते? पॉटमध्ये १०० चिप्स आहेत असे धरू. समोरून ५० आल्या तर १५० मिळवण्यासाठी ५० घालायच्या. चारांतून एकदा जिंकलो तरी कॉल पुरतो. २०० आल्या तर तेच प्रमाण पाचांतून दोनदा होते. याची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. अर्ध्या पॉटची बेट संतुलित असेल तर रिव्हरवर, म्हणजे शेवटचा पत्ता उघडल्यानंतर, तिच्यात साधारण २५ टक्के ब्लफ बसतात, दुप्पट पॉटच्या बेटमध्ये ४० टक्के. म्हणजे रक्कम जितकी मोठी, तितके अधिक ब्लफ लावणाऱ्याला परवडतात. मधल्या ताकदीचे पत्ते हातात असलेला खेळाडू इथे खरा कोंडीत सापडतो. त्याचे पत्ते प्रत्येक ब्लफला हरवतात आणि प्रत्येक खऱ्या बेटपुढे हरतात. मग ‘माझे पत्ते बरे आहेत’ या जाणिवेचा आधारच उरत नाही. लावणाऱ्याचे प्रमाण अचूक असेल तर कॉल केला काय, पत्ते टाकले काय, सरासरी फळ एकच. पण ते प्रमाण अचूक आहे की नाही हे त्याला कळत नाही आणि अंदाज चुकला तर किंमत चौपट.

यावर आक्षेप येईल की माणसे म्हणजे यंत्रे नव्हेत. चिडलेला माणूस चुका करतो आणि त्याला चिडवणे फायद्याचेच. चिडलेला चुका करतो हे खरे, पण कोणत्या दिशेने? कोणी रागाने वाटेल ते कॉल करू लागतो, कोणी उगाच ब्लफ मारतो, कोणी मिटून घेतो. चुकीची दिशा ठाऊक नसेल तर तिचा फायदा कोणत्या चालीने उचलणार? रकमेच्या मापाने निर्माण केलेली अडचण मात्र आधी मोजता येते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. लिब्राटसने प्रतिस्पर्धी पाहून डाव बदललाच नाही, मग तिच्यावरून जुळवून घेण्याचा धडा कसा घ्यायचा? ती बदलत होती, पण बचावात. चौघे खेळाडू रात्री टिपणे जुळवून तिच्यातल्या फटी शोधत. त्याच वेळी ती सुपरकॉम्प्युटरवर, त्यांनी दिवसभरात लावलेल्या अनोळखी मापांपैकी महत्त्वाच्या मापांची उत्तरे तयार करून ठेवी. त्यांच्या कच्च्या दुव्यांवर हल्ला करणे तिच्या रचनेत नव्हतेच. चौघेही निष्णात असल्यामुळे त्याची फारशी गरजही पडली नाही. नेहमीच्या टेबलावर मात्र ती पडते, आणि तिथे अस्वस्थता हे हत्यार सर्वांवर सारखे चालत नाही. प्रत्येक मोठ्या रकमेपुढे पत्ते टाकणाऱ्यावर दुप्पट पॉटचा ब्लफ तीनांतून दोनदा चालला की खर्च भरून निघतो. त्याहून अधिक वेळा तो पळत असेल तर नफाच. काहीही झाले तरी कॉल करणाऱ्यावर तोच ब्लफ मारणे म्हणजे त्याला चिप्स दान करणे. असा खेळाडू त्याच्या सवयीत निवांत असतो. त्याला निवांतच राहू द्यावे आणि चांगले पत्ते आले की रक्कम वाढवावी, कारण तो अवघडला तर पत्ते टाकायला शिकेल आणि मिळकतीचा तो मार्ग बंद होईल.