फिगोचे पक्षांतर : कराराचा हिशेब आणि मनाचा हिशेब

२१ ऑक्टोबर २००० ची रात्र. बार्सिलोना शहरातील कॅम्प नोऊ हे विशाल मैदान प्रेक्षकांनी गच्च भरले होते. पाहुणा संघ होता रेआल माद्रिद, बार्सिलोनाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा प्रतिस्पर्धी. पांढऱ्या पोशाखातील एका खेळाडूच्या पायाशी चेंडू आला की कानठळ्या बसवणाऱ्या शिट्ट्यांनी आसमंत भरून जाई. कुणाच्या हाती ‘विश्वासघातकी’ असे लिहिलेले फलक होते, तर कुणी ‘पेसेतेरो’ म्हणून ओरडत होते. पेसेटा हे त्या वेळचे स्पॅनिश चलन. त्यावरून बनलेल्या या शब्दाचा अर्थ, पैशासाठी विकला जाणारा. तो खेळाडू होता पोर्तुगालचा लुईस फिगो. अवघ्या काही महिन्यांपूर्वी याच मैदानावर, याच प्रेक्षकांसमोर, तो बार्सिलोनाचे नेतृत्व करीत होता.

एका खेळाडूने क्लब बदलला, ही वरवर पाहता साधी नोकरी बदलण्याची गोष्ट. मग तिच्यावर दोन दशके वाद का चालावा? त्यासाठी आधी या दोन क्लबांचे नाते समजून घ्यावे लागते.

सभासदांची मालकी

बार्सिलोना हे कातालोनिया प्रांताचे मुख्य शहर, तर माद्रिद ही स्पेनची राजधानी. जनरल फ्रँकोच्या राजवटीत कातालान भाषेवर आणि संस्थांवर कठोर निर्बंध होते. त्या काळात आपल्या भाषेत मोकळेपणाने ओरडण्याची जागा म्हणजे फुटबॉलचे मैदान, ही भावना तेथील घराघरांत रुजली. बार्सिलोनाचा समर्थक क्लबकडे करमणूक म्हणून पाहत नाही. तो त्याला आपल्या अस्मितेचा भाग मानतो.

दुसरी गोष्ट व्यवहाराची. हे दोन्ही क्लब कुणा धनिकाच्या मालकीचे नाहीत. वर्गणी भरणारे हजारो सभासद हेच त्यांचे मालक, आणि अध्यक्षाची निवड हे सभासद मतदानाने करतात. रचना आपल्याकडील सहकारी संस्थेशी मिळतीजुळती. साहजिकच निवडणूक आली की आश्वासने येतात, आणि फिगो प्रकरणाचा उगम अशाच एका आश्वासनात आहे.

दोन्ही बाजूंनी सुरक्षित सौदा

जुलै २००० मध्ये रेआल माद्रिदची निवडणूक होती. विद्यमान अध्यक्ष लोरेन्झो सान्झ यांच्या कारकिर्दीत क्लबने १९९८ आणि २००० अशी दोन वेळा युरोपातील सर्वोच्च स्पर्धा जिंकली होती. अशा माणसाला हरवणे जवळजवळ अशक्य मानले जात होते. त्यांच्याविरुद्ध उभे राहिले बांधकाम व्यवसायातील अभियंते फ्लोरेंतिनो पेरेझ. त्यांनी सभासदांना सांगितले की मी निवडून आलो तर फिगोला आणीन. आणू शकलो नाही तर सभासदांच्या वर्षभराच्या तिकिटांचा खर्च मी सोसेन.

ऐकणाऱ्याला हे धाडस वाटले. प्रत्यक्षात पेरेझ यांनी आपली बाजू आधीच बांधून घेतली होती. पोर्तुगालचे माजी खेळाडू पाउलो फुत्रे यांच्या मध्यस्थीने फिगोच्या प्रतिनिधीशी करार झाला होता. पेरेझ जिंकले आणि फिगो आला नाही, तर फिगोच्या बाजूने सुमारे ५०० कोटी पेसेटा, म्हणजे जवळपास ३ कोटी युरो, दंड द्यावा लागणार होता. म्हणजे फिगो आला तर आश्वासन पूर्ण. न आला तर दंडाच्या रकमेतून सभासदांची तिकिटे. व्यापारात मुरलेल्या माणसाला यातील चातुर्य सांगावे लागणार नाही. जोखीम पेरेझ यांनी घेतल्यासारखी दिसत होती. ती होती मात्र दुसऱ्याच्या खांद्यावर.

पेरेझ निवडून येणार नाहीत, या भरवशावर हा कागद झाला असावा, असे अनेकांचे मत आहे. फिगोने तर त्याच जुलै महिन्यात आपण बार्सिलोनातच राहणार असल्याचे जाहीरपणे सांगितले होते. पण १६ जुलैला पेरेझ विजयी झाले आणि कागदावरचा दंड एकाएकी खरा झाला.

त्याच सुमारास बार्सिलोनातही पोकळी होती. दीर्घकाळ अध्यक्ष असलेले जोझेप लुईस नुन्येझ पायउतार झाले होते आणि नव्या अध्यक्षाची निवड २३ जुलैला व्हायची होती. ती जिंकलेले जोआन गास्पार यांच्या सांगण्यानुसार, फिगोला थांबवायचे तर दंडाचा भार क्लबने उचलावा, अशी अपेक्षा त्यांच्यापुढे आली आणि ती त्यांनी नाकारली. दुसऱ्याच दिवशी, २४ जुलैला, माद्रिदमध्ये फिगोच्या हाती पांढरा १० क्रमांकाचा सदरा देण्यात आला. मोबदला होता सुमारे १,००० कोटी पेसेटा, म्हणजे ६ कोटी युरो. फुटबॉलच्या इतिहासात तोवर कोणत्याही खेळाडूसाठी एवढी रक्कम मोजली गेली नव्हती.

तीन बाजू

या प्रकरणात समर्थकांचे स्थूलमानाने तीन गट पडले.

पहिल्या गटाचे म्हणणे, हा विश्वासघातच. १९९५ मध्ये लिस्बनहून आलेल्या तरुणाला या शहराने घरचे मानले, कर्णधारपद दिले. १९९८ च्या विजयोत्सवात माद्रिदला डिवचणाऱ्या घोषणा त्याने स्वतः जमावाकडून म्हणवून घेतल्या. राहतो म्हणून शब्द दिला आणि गेला.

दुसरा गट म्हणतो, करार पाहा. स्पेनमध्ये १९८५ च्या नियमावलीनुसार खेळाडूला भरपाई देऊन करार संपवता येतो. त्यातूनच करारात मोचनाची रक्कम लिहिण्याची पद्धत रूढ झाली. फिगोची किंमत खुद्द बार्सिलोनाने लिहिली होती आणि ती पै-पैशासह चुकती झाली. शिवाय आपल्या कामगिरीची पुरेशी कदर होत नाही, अशी फिगोची भावना होती. तिच्याकडे वेळीच लक्ष दिले गेले नाही. लिहिलेल्या किमतीला माल विकला गेल्यावर विकणाऱ्याने तक्रार कशी करावी?

तिसरा गट बोट दाखवतो तो मध्यस्थांकडे आणि दोन्ही क्लबांच्या कारभाऱ्यांकडे. निवडणूक जिंकण्यासाठी एकाने, दलालीसाठी दुसऱ्याने आणि अनिर्णयामुळे तिसऱ्याने एका खेळाडूला कोंडीत पकडले, असे या गटाला वाटते.

एक विसंगती

२१ ऑक्टोबरचा तो सामना बार्सिलोनाने २-० असा जिंकला. पहिला गोल लुईस एन्रिकेचा होता आणि मैदान आनंदाने वेडे झाले. पण हा लुईस एन्रिके मूळचा कुठला? १९९६ पर्यंत तो रेआल माद्रिदकडून खेळत होता. तिथून तो थेट बार्सिलोनात आला आणि लाडका झाला. एकाला शिव्या आणि दुसऱ्याला जयजयकार, तेही एकाच संध्याकाळी, एकाच प्रेक्षकांकडून.

समर्थक यावर उत्तर देतात की एन्रिकेचा करार संपला होता. तो कुणाला शब्द देऊन गेला नव्हता. या उत्तरात तथ्य आहे. तरीही मनाची वही कशी लिहिली जाते, हे यातून दिसते. आपल्याकडे येणारा जमेच्या बाजूला निष्ठावान म्हणून लिहिला जातो. आपल्याकडून जाणारा नावे टाकला जातो विश्वासघातकी म्हणून.

संताप मात्र ओसरला नाही. २३ नोव्हेंबर २००२ च्या सामन्यात फिगो कोपऱ्यावरून चेंडू मारायला गेला की बाटल्या आणि हाती येईल ते मैदानात पडू लागले. त्यात डुकराचे छाटलेले मुंडकेही होते. पंचांना खेळ काही काळ थांबवावा लागला. माणसावरच्या रागापायी एका मुक्या जीवाची अशी विटंबना व्हावी, याचे समर्थन त्या गर्दीतील विचारी माणसालाही करता आले नसेल. सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. संतापाने बार्सिलोनाच्या पदरी काहीच घातले नाही.

शिल्लक काय राहिली?

फिगोला माद्रिदमध्ये यश लाभले. २००० चा युरोपातील सर्वोत्तम खेळाडूचा सुवर्णचेंडू, २००१ आणि २००३ ची स्पॅनिश लीग, २००२ चे युरोपीय विजेतेपद. बार्सिलोनाला मिळालेली प्रचंड रक्कम मात्र टिकली नाही. त्याच उन्हाळ्यात आर्सेनलकडून ओव्हरमार्स आणि पेती यांना घाईने विकत घेण्यात आले. अपेक्षित फळ मिळाले नाही. २००३ मध्ये गास्पार यांनी पद सोडले आणि पुढची लीग जिंकायला क्लबला २००५ साल उजाडले. संतापाच्या भरात केलेली खरेदी महाग पडते, हे बाजारातील जुने सत्य फुटबॉललाही चुकले नाही.

२०२२ मध्ये या प्रकरणावर माहितीपट निघाला. त्यात फिगो, पेरेझ, फुत्रे, गास्पार अशी मंडळी बोलली, पण कोणी काय मान्य केले होते याबद्दल त्यांचे एकमत दिसले नाही. कागद एकच, आठवणी मात्र ज्याच्या त्याच्या सोयीच्या.

कायद्याच्या दृष्टीने फिगोकडे कुणाचे काही येणे राहिले नव्हते. क्लब बदलणे हा त्याचा हक्क होता, आणि किंमत पूर्ण चुकती झाली होती. त्याची चूक असलीच तर ती जाण्यात नव्हती. एकाच वेळी दोन घरी आपला शब्द गुंतू दिला, तिथे ती होती. एका बाजूला जाहीर ग्वाही आणि दुसऱ्या बाजूला दंडाचा कागद, असे झाले की कोणता तरी एक शब्द मोडणारच. पेढीवरचा जुना विश्वासू माणूस समोरच्या दुकानात गेला, तर मालकाला दुःख होते. पण त्याने आदल्या दिवशी स्वच्छ सांगितले असेल, तर पुढे रस्त्यात भेटल्यावर नमस्कार होतो. फिगो आणि बार्सिलोना यांच्यात तो नमस्कार राहून गेला. सहा कोटी युरो चुकते होऊनही हे एक खाते बंद झाले नाही, ते यामुळेच.