बाळाची शिदोरी

आठवड्याचा बाजार असो, खुरपणी असो की नात्यातले लग्न असो, घरून निघताना मोठ्या माणसांची भाकरी फडक्यात बांधली जाते. बैलांची वैरणदेखील आठवणीने गाडीत पडते. कडेवरच्या दीड-दोन वर्षांच्या मुलासाठी मात्र वेगळे काही घेतले जात नाही. ते रडू लागले म्हणजे बिस्किटांचा पुडा फोडावयाचा, नाहीतर बशीतला चहा पाजावयाचा. मूल गप्प बसते, पण त्याचे पोषण होत नाही. चहाने तर अन्नातील लोह अंगी लागण्यास अडथळाच येतो.

या वयात पोट लहान आणि वाढ झपाट्याची असते. म्हणून दिवसातून तीन-चार जेवणे व मधल्या वेळी एक-दोनदा खाणे लागते. अंगावरचे दूध दोन वर्षांपर्यंत चालू ठेवावयाचे, ते निराळेच.

पूर्वीच्या बायका प्रवासात दशमी नेत, ती याच कामाची आहे. दुधात भिजविलेल्या पिठाची दशमी सकाळी केली तरी संध्याकाळपर्यंत मऊ राहते. गव्हाच्या पिठात निम्मी नाचणी मिसळल्यास फारच चांगले. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तांदळात त्याचा विसावा हिस्साही नसतो.

बाजारात धूळ व माशा फार. तेथे केळे, सालीसह उकडलेले रताळे किंवा कवचासह उकडलेले अंडे सोयीचे पडते. हात साबणाने धुऊन, भरवावयाच्या वेळीच ते सोलावे. उन्हाळ्यात अंडे एका तासाच्या आत संपवावे.

सर्वांत जपावयाचे ते शेंगदाण्याला. शेंगा तोडताना मूल शेजारीच खेळत असते आणि कोणीतरी कौतुकाने त्याच्या तोंडात दाणा घालतो. पाच वर्षांखालील मुलाच्या श्वासनलिकेत अख्खा दाणा, फुटाणा किंवा बोराची आठळी अडकली तर प्राणावर बेतते. तोच दाणा भाजून बारीक कुटावा, डाळ्याच्या पिठात व कुसकरलेल्या केळ्यात कालवावा आणि मऊ लाडू वळावे. मग गुळाचीही गरज राहत नाही. हे लाडू त्याच दिवशी संपवावे. बुरशी आलेला दाणा कुटातही घेऊ नये, कारण त्यात विष असते.

मुलाला खाली बसवून भरवावे. चालत्या गाडीत किंवा मोटारसायकलवर भरवू नये. उकळून गार केलेले पाणी झाकणाच्या भांड्यात घरूनच न्यावे.